संत्र्याच्या पोशाखातली माया

त्या तान्ह्या पोळ्याला माझ्या मुलीचा संत्र्याचा पोशाख भर मैदानात फाटला. माझ्या बहिणीची शिवण कच्ची होती म्हणून तो फाटला, असं आमच्या घरात, गल्लीत आणि एका बालकमंदिरात आजही मानलं जातं. ते खरं नाही. त्या पोशाखाच्या आतली माया मी कात्रीने कापून घेतली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ज्यांनी कधी सुई हातात धरली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिवणीच्या पलीकडे, आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि त्या मायेतून कपडा मोठा करायचा. मायेचा उपयोग एवढाच, असं मी तेव्हा समजत होतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही पुरतं खरं नाही, हे पुढे येईलच.

बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती कामठीला गेली. बारा वर्षं झाली तरी मूल झालं नाही, म्हणून नवऱ्याने दुसरी केली. एक लोखंडी पेटी आणि एक हातमशीन घेऊन आक्का माझ्याकडे नागपूरला आली. भांडून आली नाही, रडत आली नाही. बसमधून उतरली, मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जपून धर गा भाऊ. पेटी पडली तरी चालते."

ती शिवण शिकली होती कामठीतच. तिच्या सासरच्या शेजारी एक म्हातारा शिंपी होता, तो छावणीचे कपडे शिवायचा. दुपारी घरची कामं आटोपली की आक्का त्याच्याकडे काज-बटणं करायला जाई, पुढे पुढे पूर्ण पँटी शिवू लागली. छावणीतून एक हवालदार कपडे घ्यायला येई. तो प्रत्येक पँट दोन पायांत धरून जोर लावून ताणायचा. शिवण करकरली की कपडा परत. आक्का सांगायची, "माह्या हातचा एक बी वापस नाही आला." फुशारकी मारण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच.

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हापासून आक्काच्या हाताला वेगळंच काम लागलं. विदर्भाबाहेरच्या वाचकाला तान्हा पोळा ठाऊक नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, आणि दुपारनंतर लहान पोरं आपापले लाकडी नंदीबैल घेऊन मैदानात जमतात. बैलांना झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड. पोरांना नाना वेश. मग बैल ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा सुटे पैसे, मागायचा. आमच्या वस्तीत दोन बक्षिसं असत: एक बैलाच्या सजावटीला, एक वेशभूषेला. लोक घरातल्या घरात काहीतरी करत. बापाचं धोतर, आईची साडी, कोळशाच्या मिशा, झाला शेतकरी. आक्काला ते पटत नसे.

"पोट्ट्याले मिशा लावल्या म्हणजे काय वेश झाला का?" ती म्हणे. "लांबून पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे, हे काय येऊन राहिलं बाप्पा."

पहिल्या वर्षी मुलगी राघू झाली. हिरव्या कापडाची दीडशे पिसं, प्रत्येक वेगळी बेतलेली, कडेला टाके घातलेली, आणि खालून वर छपरावरच्या कवेलूसारखी एकावर एक बसवलेली. दुसऱ्या वर्षी भुईमुगाचं झाड. अंगभर पानं आणि पायांशी शेंगा, कारण, आक्का म्हणाली, "शेंगा वर लागत नसते ना." तिसऱ्या वर्षी मोर. त्या पिसाऱ्याला बांबूच्या कामट्या मी तासून दिल्या होत्या. पिसारा दोरी ओढली की उघडायचा. मोराला वेशभूषेचं बक्षीस मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून बायका आमच्या दारात थांबून आत पाहू लागल्या.

त्या बायकांमध्ये पुढच्या वर्षीच्या पोळ्याआधी एक दिवस एका बालकमंदिराच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्या शाळेचं स्नेहसंमेलन असायचं. चाळीस-पन्नास मुलं, ससे, फुलं, ढग, मासे. दरवर्षी कपडे बाहेरून शिवून आणत, ते मुलांना टोचत आणि तिसऱ्या नाचापर्यंत उसवत. त्यांनी मोराचा पिसारा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

"आतून इतकं कापड का सोडलंय?" त्यांनी विचारलं.

"माया आहे बाई ते," आक्का म्हणाली. "लेकरायचे कपडे आहेत. लेकरं उड्या मारतात, पडतात, एकमेकायले ओढतात. मायेशिवाय कसं टिकीन?"

बाई हसल्या. जाताना म्हणाल्या, तान्ह्या पोळ्याला त्या आमच्या मैदानात परीक्षक म्हणून येणारच आहेत, या वर्षीचं काम पाहतील, आणि त्यापुढच्या सोमवारी आक्काने नमुने घेऊन शाळेत यावं. संमेलनाचे कपडे तर आहेतच, शिवाय शाळेला एक शिवणबाई हवी आहे. कायमची.

आक्काने त्यांना पाणी दिलं, सुपारी दिली. त्या गेल्यावर तिने मशीनचं झाकण काढलं, तेल घातलं, पुन्हा झाकण लावलं. काम काहीच नव्हतं.

मला त्या वेळी काय वाटलं ते आज लिहितो, कारण लिहायचं तर हेच लिहायला हवं. मला आनंद झाला नाही. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सहावा महिना होता, तिचे पाय सुजत. घरातला स्वयंपाक, पाणी भरणं, मुलीचं सगळं आक्का पाहत होती. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आक्का शाळेत जायला लागल्या तर माझं कसं होईन?" मी म्हणालो, "पाहू." मी एवढंच म्हणालो; पण माझ्या मनात होतं, की हे झालं नाही तर बरं. मी कधी तिचं वाईट चिंतलं नाही असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. हे 'बरं' मात्र मी चिंतलं होतं.

संत्र्याची तयारी आक्काने फाल्गुनातच केली होती. बाजारातून संत्री संपत आली होती. तिने एक मोठं फळ निवडलं, ब्लेडने देठापासून तळापर्यंत आठ रेघा मारल्या आणि साल अशी काढली की आठही फाका तळाशी जोडलेल्या राहिल्या. ती साल तिने जुन्या वर्तमानपत्रावर चपटी करून पाट्याखाली दाबली. वाळल्यावर तिच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि मला म्हणाली, "पाह्य गा, गोल वस्तू अशी उकलते." त्या एका सालीवरून तिने मोजून मोजून पाच वर्षांच्या मुलीच्या मापाच्या आठ कळ्या, म्हणजे कापायचे उभे तुकडे, कागदावर काढल्या. मध्ये रुंद, दोन्हीकडे निमुळत्या. श्रावणात नागपुरातल्याच जरीपटका वस्तीच्या बाजारातून नारिंगी साटीन आणली. दुकानदार कटपीसचा गठ्ठाच पुढे टाकी आणि ती एकेक तुकडा उजेडात नेऊन पाहत राही.

कळ्या शिवून झाल्या तेव्हा तो पोशाख खुंटीवर एखाद्या मोठ्या कंदिलासारखा लटकत होता. वर नारिंगी साटीन, आत जुन्या मांजरपाटाचं अस्तर, दोन्ही गळ्याशी जोडलेली आणि तळाशी मोकळी. दोन्हींच्या मध्ये खालून कापूस भरायचा आणि मग तळ शिवायचा. कापूस आधी भरून ठेवला तर बसतो, खड्डे पडतात, म्हणून ते काम ऐन दिवशी करायचं. डोक्याला हिरव्या मखमलीची टोपी, तिला देठ आणि दोन पानं.

"कापूस तू भर दुपारी," तिने मला सांगितलं. "माह्या हाताले त्या दिवशी फुरसत नाही. तळ मी शिवीन. अन् ठासू नको. आत भल्ली माया ठेवली आहे, ती चुरगळू देऊ नको."

"एवढी कशाला?"

"पुढच्या सालापर्यंत पोरगी वाढीन ना. अन् साटिनीले जास्त लागते."

साटिनीला जास्त लागते. हे मी ऐकलं होतं. का लागते, हे विचारलं नाही. म्हणून म्हणालो, मला ठाऊक नव्हतं हे पुरतं खरं नाही.

बैलाचं काम माझ्याकडे असे. त्या वर्षी मी एका सुताराकडून नवा बैल करून घेतला होता, वितीपेक्षा उंच, चाकांचा. पांढरा रंग, काळे डोळे. झुलीसाठी बायकोच्या जुन्या हिरव्या पोलक्याचं कापड होतं. सकाळी मारबत आमच्या रस्त्यावरून गेली, पोरं ओरडत तिच्यामागे धावली, परत आली. आक्का चुलीपाशी होती. आदल्या दिवशीच्या पुरणाच्या पोळ्या उरल्या होत्या, पण त्या दिवशी पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी भात, वरण, वडे, सगळं नव्याने होतं. मी बैलावर झूल टाकून पाहिली. नुसती हिरवी झूल उदास दिसत होती. तिला किनार हवी होती. संत्र्याच्या मुलीच्या बैलाला नारिंगी किनार, म्हणजे दोघं एकमेकांचे वाटले असते. नारिंगी साटीन घरात चिंधीएवढीही उरली नव्हती. आक्का कापड वाया घालवत नसे.

मग कापूस भरायला मी तो पोशाख खुंटीवरून काढला, तळातून हात घातला आणि माझ्या बोटांना ती माया लागली. प्रत्येक शिवणीला दोन्हीकडे दोन-दोन बोटं. आठ शिवणी. गळ्यापासून तळापर्यंत सोळा लांब पट्ट्या, चकचकीत, कोणाला कधीही न दिसणाऱ्या.

मला वाटलं, पुढच्या वर्षी ही काही संत्रं होणार नाही. आक्का दरवर्षी नवीन करते. मग हे कापड आत कुजत ठेवायचं कशाला?

मी पोशाख उलटा केला आणि कात्रीने शिवणीला अगदी लागून कापत गेलो. सोळाही पट्ट्या. काम फार सुबक झालं. मग सुलटा करून कापूस भरला, आणि ठासू नको म्हणाली होती तरी ठासला, कारण गोल चांगला दिसत होता. आक्का पदराला हात पुसत आली, बाहेरून तळ झरझर शिवून टाकला आणि परत चुलीपाशी गेली. तोवर मी झुलीला किनार लावली. तीही मीच शिवली, धावदोऱ्याने.

मैदानात दोन तखत जोडून मंच केला होता. मुलीला मी आणि आक्काने दोन बाजूंनी धरून नेलं, कारण तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. रस्त्यात लोक बाजूला होऊन वाट देत होते. एक म्हातारी म्हणाली, "अग माय वं, हे तं चालतं संत्रं." आक्काने मान खाली घातली, पण मी तिच्या शेजारी होतो, मला तिचा चेहरा दिसला. इतकी वर्षं मी तो विसरायचा प्रयत्न केला आहे.

मंचावर मुख्याध्यापिका बाई आणि आणखी दोघं बसले होते. बाईंनी मुलीला विचारलं, "तू कोण गं?"

"मी नागपूरचं संत्रं," मुलगी शिकवल्याप्रमाणे म्हणाली. "मले सोला अन् खा."

सगळे हसले, टाळ्या झाल्या. मग तिला गिरकी घ्यायची होती. तिने हात पसरले आणि गोल फिरली. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला जुना कागद फाटावा तसा आवाज आला. पाठीवरची एक शिवण वरपासून खालपर्यंत उलली. मुलीला कळलंच नाही, ती फिरत राहिली, आणि फिरता फिरता दुसरी गेली, तिसरी गेली, आणि पांढरा कापूस भसाभसा बाहेर येऊन तखतावर पडू लागला.

"ए, संत्र्यातून कापूस निघाला," एक पोरगा ओरडला.

"वऱ्हाडातलं असन गा ते," मागून कोणीतरी मोठ्या माणसाने म्हटलं. "अर्धी बाग, अर्धा कापूस."

"सरकी पाह्य लेका, सरकी बी असन आत."

मैदान हसलं. मुलगी थांबली. आधी तीही हसली, सगळे हसतात म्हणून. मग तिने खाली पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तो कापूस गोळा करून पोटाशी परत कोंबू लागली. ती रडत नव्हती. फार मन लावून कोंबत होती. आक्का मंचावर चढली, तिला पदरात गुंडाळली, उचलली आणि खाली उतरली.

बक्षिसं जाहीर झाली. वेशभूषेचं एका वासुदेवाला गेलं. बैलाच्या सजावटीचं आम्हाला मिळालं. परीक्षकांपैकी एकजण म्हणाला, झुलीची किनार फारच शोभून दिसते. एक स्टीलचा पेला मिळाला.

मी पेला घेऊन उतरलो तेव्हा मुख्याध्यापिका बाई माझ्याजवळ आल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "कल्पना फार सुरेख होती हो. पण शिवण कच्ची राहिली. घरी एक मूल असतं, तिथे चालतं. आमच्याकडे पन्नास मुलं, समोर पालक. असं झालं तर मूल वर्षभर मंचावर चढत नाही."

या ठिकाणी मला एक वाक्य बोलायचं होतं. कात्री अज्ञानाने चालली असेल. पण मी मंचाखाली उभा होतो तेव्हा अज्ञानी नव्हतो. उललेल्या कळीची कड मी पाहिली होती. आक्काचे टाके जिथल्या तिथे होते, ओळीने, एकही तुटलेला नाही. कापड त्या टाक्यांतून निसटलं होतं, कारण त्याला मागे धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. मला सगळं कळलं होतं.

मी म्हणालो, "घरगुतीच काम आहे ते, बाई. शिकलेला हात नाही."

बाईंनी मान हलवली आणि गेल्या. मी वळलो तर आक्का चार पावलांवर उभी होती, मुलगी तिच्या खांद्यावर. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर, माहीत आहे.

घरी आल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, तिने तो पोशाख मांडीवर घेतला. राहिलेला कापूस काढून टोपलीत ठेवला. मग पोशाख उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवू लागली. एक कळी, दुसरी कळी. तिसरीला बोट थांबलं. जिथे कापड आपसूक निसटलं होतं तिथे दशा लोंबत होत्या. जिथे निसटलं नव्हतं तिथे कड सरळ होती, कात्रीची. तिने मान वर केली. समोर कोनाड्याखाली बैल उभा होता, पाठीवर हिरवी झूल, झुलीला नारिंगी किनार.

"झूल चांगली दिसते गा भाऊ," ती म्हणाली.

मी म्हणालो, "साटीनच हलकी निघाली, आक्का."

"हं," ती म्हणाली. "हलकीच असन."

आणि कापसाची टोपली उचलून आत गेली. पुढे त्या कापसाच्या तिने येणाऱ्या बाळासाठी दोन उशा केल्या.

सोमवार आला. तिने नमुने एका फडक्यात बांधून ठेवले होते: काजं, झालर, चुण्या, छोटंसं बाह्यांचं झबलं. सकाळी गाठोडं पेटीवर होतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी ऑफिसला निघताना विचारलं, "जात नाही का?"

"आता काय जाऊ," ती म्हणाली.

मी म्हणायला हवं होतं, मी येतो बरोबर, मी सांगतो. मी म्हणालो, "जाऊ दे. पुढच्या साली पाहू." सायकलवर बसलो तेव्हा मला हलकं वाटलं. आता घरचं कसं होईल, हा प्रश्न सुटला होता. हेच कबूल करायला मला सर्वात जास्त वर्षं लागली.

पुढच्या साली काही झालं नाही. आक्काने त्यानंतर वेशभूषेचं काही शिवलं नाही. उशांचे अभ्रे शिवले, परकर शिवले, माझ्या फाटलेल्या कॉलरी उलटवून दिल्या. मुलाचा जन्म झाला. तो तान्ह्या पोळ्याला बापाचं धोतर नेसून, कोळशाच्या मिशा लावून गेला. पेला तांदूळ मापायला ठेवला गेला. आक्का रोज सकाळ-संध्याकाळ त्याच पेल्याने तांदूळ मापते.

आणि घरात एक म्हण तयार झाली. कोणी सुरुवात केली ते आठवत नाही, मी केली नसेन अशी आशा करतो. पिशवीचा बंद तुटला, की आत्याची शिवण. मुलीची परीक्षेची तयारी ऐनवेळी फसली, की आत्याची शिवण. शेजारच्यांची सोयरीक मोडली तेव्हा बायको भाजी निवडताना म्हणाली, "झाली आत्याची शिवण." आक्का समोर असे. तीही हसे. मीही.

मधे एकदा ती शेजारच्या एका मुलीला ओसरीवर शिवण शिकवत होती. मी आत पेपर वाचत होतो. "मायेत कंजूषी नाही करायची वं," ती सांगत होती. "टाका दोऱ्याचा असते, पण धरते माया. साटिनीची तं कधीच कापू नको. भसकन उलते." तिने आवाज चढवला नव्हता, आतही पाहिलं नव्हतं. मी पेपरचं पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.

हे आता लिहायला बसण्याचं कारण फार मोठं नाही. माझी ती संत्र्याची मुलगी एका बालवाडीत शिकवते. गेल्या आठवड्यात ती घरी संमेलनाचं कापड घेऊन आली. पिवळी, निळी, नारिंगी साटीन. बाहेर शिवायला टाकायची होती. आक्का खाटेवर बसली होती. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा व्हायचा आहे. तिने हात पुढे केला.

"दाखव वं. पाखरं करायची आहेत का? मी शिवून देईन."

मुलगी हसली. तिच्या हसण्यात काहीही वाईट नव्हतं. "नको आत्या. माझी पोरं फाटक्यात नाचतीन."

बायको हसली, मुलगा हसला. आक्काही हसली. मीही हसलो, सवयीने. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. कापडाला हात लावण्याआधीच तिने मधल्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान चढवलं होतं. कुठून काढलं, केव्हा काढलं, कोणी पाहिलं नाही. ते तिने हळूच उतरवलं आणि उशीखाली ठेवलं. ती उशी त्या कापसाची आहे.

आक्काला बारीक अक्षर आता वाचता येत नाही. घरातले बाकीचे मी काय लिहितो ते वाचत नाहीत. म्हणजे हे लिहूनही मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. त्या मुख्याध्यापिका बाईंचा पत्ता मी काढला आहे. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण नागपुरातच आहेत. त्यांच्याकडेही मी गेलेलो नाही.

आक्काची शिवण सुटली नव्हती. माया मी कापली होती. हे मला आक्कासमोर, बायको आणि दोन्ही मुलं बसलेली असताना, तोंडाने म्हणायचं आहे, आणि मग बाईंच्या दारी जाऊन पुन्हा एकदा म्हणायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.